कंडोमचे निसटणे आणि एच.आय.व्ही.ची धास्ती : महाराष्ट्राच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना :

मराठीत आरोग्याचा इतिहास लिहिला गेला तो प्रामुख्याने साथींच्या अंगाने. प्लेग, देवी आणि इन्फ्लुएंझा यांवर काही प्रमाणात संशोधन झाले आहे. एड्सविषयी जे लिहिले गेले ते एक तर वैद्यकीय माहितीच्या स्वरूपाचे आहे, नाही तर शासकीय योजनांचा आढावा घेणारे आहे. प्रस्तुत लेखाचा विषय याहून लहान आहे, आणि काही वाचकांना तो संशोधनपर नियतकालिकास अनुचितही वाटेल. कंडोम वापरात असताना निसटला तर काय, या एका प्रश्नाचा हा इतिहास आहे. हा प्रश्न कोणी विचारला, कोणी टाळला आणि त्याच्या उत्तराची सोय केव्हा झाली, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

या विषयाकडे लक्ष वळण्यास एक प्रसंग कारणीभूत ठरला. राष्ट्रीय सेवा योजनेने १९९१ मध्ये 'युनिव्हर्सिटी टॉक एड्स' हा कार्यक्रम सुरू केला आणि त्यानंतरच्या काही वर्षांत महाविद्यालयांच्या हिवाळी शिबिरांत एड्सवरील व्याख्यान ही नेहमीची बाब झाली. अशाच एका ग्रामीण शिबिरात प्रस्तुत लेखक साहाय्यक म्हणून उपस्थित होता. व्याख्यात्यांनी निरोध वापरण्याचे महत्त्व सांगितले, प्राणघातक रोगाचे भीषण वर्णन केले आणि प्रश्न मागितले. मागच्या रांगेतील एका विद्यार्थ्याने चिठ्ठी पाठविली. तीत एकच ओळ होती : सर, निरोध निघून आला तर? व्याख्यात्यांनी चिठ्ठी वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि 'ब्रह्मचर्य हाच सर्वोत्तम उपाय' असे सांगून पुढील चिठ्ठी उघडली. विद्यार्थी हसले. चिठ्ठी लिहिणारा हसला किंवा नाही, ते कळण्यास मार्ग नव्हता.

जुनी अडचण :

कंडोम जागेवर राहील कसा, ही अडचण कंडोमइतकीच जुनी आहे. इटालियन शरीररचनाशास्त्रज्ञ गाब्रिएले फालोपिओ याच्या मृत्यूनंतर १५६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उपदंशावरील ग्रंथात औषधी द्रावात भिजवून वाळविलेल्या तागाच्या कापडाच्या आवरणाचे वर्णन आहे. ते आपण १,१०० पुरुषांवर वापरून पाहिले व त्यांपैकी एकासही रोग जडला नाही, असा त्याचा दावा आहे. आजच्या निकषांवर हा दावा टिकणारा नाही. परंतु आवरणाची उपयुक्तता आकड्यात सांगण्याचा हा बहुधा पहिलाच प्रयत्न असल्याने त्याचे महत्त्व आहे. शिवाय हे आवरण रोगप्रतिबंधासाठी होते, संततिप्रतिबंधासाठी नव्हे, हेही ध्यानात घेतले पाहिजे. पुढे मेंढीच्या आतड्यापासून कंडोम तयार होऊ लागले. आतड्यास स्वतःची पकड नसते. म्हणून उघड्या टोकाशी फीत ओवलेली असे आणि ती बांधावी लागे. युरोपातील संग्रहालयांत असे फीत लावलेले नमुने जतन केलेले आहेत. निसटण्याचा धोका त्या काळच्या कारागिराला ठाऊक होता, याचा ती फीत हा साधा पुरावा आहे.

एकोणिसाव्या शतकात चार्ल्स गुडइयरच्या व्हल्कनीकरणाच्या शोधामुळे रबराचे कंडोम शक्य झाले आणि १९२० नंतर पातळ लॅटेक्सचे आले. फितीची जागा लवचीक कड्याने घेतली. कडे आपोआप पकडते, या विश्वासाने वापरणाऱ्यास काही शिकविण्याची आवश्यकताच उरली नाही, असे उत्पादक मानू लागले. अर्थात, कड्याची पकड मापावर, वंगणावर आणि वापरणाऱ्याच्या हातावर अवलंबून असते. ही गोष्ट पुढे दीर्घकाळ दुर्लक्षित राहिली.

रघुनाथ धोंडो कर्वे आणि दुहेरी हेतू :

महाराष्ट्रात या विषयाला वाचा फोडण्याचे श्रेय निर्विवादपणे र. धों. कर्वे यांचे आहे. त्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र उघडले तेही याच वर्षी. या कार्यापायी कर्व्यांना विल्सन महाविद्यालयातील गणिताच्या प्राध्यापकाचे पद गमवावे लागले. जुलै १९२७ पासून त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविले आणि १४ ऑक्टोबर १९५३ रोजी निधन होईपर्यंत ते नेटाने काढले. अश्लीलतेच्या आरोपावरून त्यांच्यावर खटले झाले. १९३४ मधील खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले, हे सर्वश्रुत आहे.

आपल्या विषयाच्या दृष्टीने कर्व्यांचे वेगळेपण असे की, त्यांनी संततिनियमन आणि गुप्तरोगांचा प्रतिबंध या दोन्ही बाबी एकाच श्वासात मांडल्या. गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा यावर त्यांनी स्वतंत्र पुस्तक लिहिले. वेश्याव्यवसायावरही लिहिले. साधन विकणे आणि ते कसे वापरावे हे सांगणे ही त्यांच्या मते वेगळी कामे नव्हती. त्यांच्या पत्नी मालतीबाई या कार्यात सहभागी होत्या. वाचकांनी विचारलेल्या अत्यंत खाजगी शंकांना मासिकातून थेट उत्तरे मिळत. त्या उत्तरांचा सूर रूक्ष आहे, कधी कधी तुसडाही आहे. पण प्रश्न खिशात घालण्याची पद्धत त्यांत नाही.

कर्व्यांच्या विरुद्ध टोकाला गांधीजींची भूमिका होती. मार्गारेट सँगर डिसेंबर १९३५ मध्ये वर्ध्यास गांधीजींना भेटल्या. कृत्रिम साधनांना गांधीजींचा विरोध कायम राहिला. त्यानंतर सँगर त्रिवेंद्रम येथे अखिल भारतीय महिला परिषदेच्या अधिवेशनास गेल्या. पुढे सुमारे तीन दशकांनी देशातील सरकारी कंडोमचा कारखाना त्याच त्रिवेंद्रममध्ये निघावा, हा केवळ योगायोग होय, पण उल्लेखनीय आहे.

'निरोध' : नगांचा हिशेब :

स्वतंत्र भारताच्या शासनाने कुटुंबनियोजनासाठी कंडोमचा प्रसार हाती घेतला तेव्हा त्याच्या नावाचा प्रश्न आला. कलकत्त्याच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतील गटाने तयार केलेल्या योजनेत 'कामराज' हे नाव सुचविले गेले होते, परंतु त्याच नावाचे गृहस्थ तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष असल्याने ते मागे पडले, अशी हकीकत सांगितली जाते. स्वीकारला गेला तो 'निरोध' हा शब्द. पतंजलीने योगाची व्याख्या करताना वापरलेला हा शब्द रबरी पिशवीवर छापला जावा, यात संस्कृतज्ञांना गंमत वाटली असेल. प्रस्तुत लेखकाच्या मते ही निवड फारशी निरुपद्रवी नव्हती. निरोध म्हणजे अडवणे. काय अडवायचे, तर मूल. रोगाचा विचार त्या नावात नव्हता, जाहिरातीत नव्हता आणि लाल त्रिकोणाच्या चिन्हातही नव्हता. कर्व्यांनी जोडलेले दोन हेतू येथे तुटले.

१९६८ मध्ये विक्री सुरू झाली. तीन नगांचे पाकीट १५ पैशांना मिळे. चहा, साबण, सिगारेट, बॅटऱ्या विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या वितरणजाळ्यातून निरोध किराणा दुकानापर्यंत आणि पानपट्टीपर्यंत पोहोचला. आरंभीचा माल परदेशांतून आला. १ मार्च १९६६ रोजी स्थापन झालेल्या हिंदुस्तान लॅटेक्स या शासकीय कंपनीने जपानच्या ओकामोटो कंपनीच्या सहकार्याने त्रिवेंद्रमजवळ पेरूरकडा येथे कारखाना उभारला आणि ५ एप्रिल १९६९ पासून उत्पादन सुरू केले. वार्षिक क्षमता १४ कोटी ४० लक्ष नगांची होती.

वितरणाच्या दृष्टीने हा प्रयोग मोठाच होता. मात्र त्याचे यश मोजले गेले ते नगांत. आले किती, वाटले किती, शिल्लक किती. पाकीट घेऊन गेलेल्या माणसाचे पुढे काय झाले, हे नोंदविण्याची जागा या हिशेबात नव्हती. खेड्यापाड्यांत मुलांनी त्याचे फुगे केले, ही आठवण त्या पिढीतील कोणीही सांगेल. आरोग्य कर्मचाऱ्याने बांबूवर चढवून दाखविलेला निरोध शेतकऱ्याने घरी नेऊन बांबूवरच चढविला आणि तरीही पाळणा हलला, ही गोष्ट तर देशभर विनोद म्हणून प्रचलित आहे. ती खरी असण्याची गरज नाही. या विनोदात हसे होते ते शेतकऱ्याचे. बांबूवर शिकविणाऱ्याचे होत नाही, एवढे मात्र नोंदविले पाहिजे.

त्यातच १९७५ ते १९७७ या आणीबाणीच्या काळात सारा भर शस्त्रक्रियांवर गेला. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८२ लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. निरोधसारखे पुरुषाच्या इच्छेवर अवलंबून असलेले साधन त्या घाईत नगण्य ठरले. १९७७ नंतर तर कुटुंबनियोजन हा शब्दच शासनाला अडचणीचा झाला.

१९८६ नंतर :

५ जून १९८१ रोजी अमेरिकेत एड्सच्या पहिल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली, १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत विषाणू वेगळा करण्यात आला आणि १९८६ मध्ये डॉ. सुनीती सॉलोमन व सेल्लप्पन निर्मला यांनी मद्रासमध्ये शरीरविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्तनमुन्यांत त्याचे अस्तित्व दाखवून दिले. (डॉ. सॉलोमन या माहेरच्या गायतोंडे, चेन्नईतील एका महाराष्ट्रीय कुटुंबातील होत.) १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना स्थापन झाली आणि त्याच वर्षी पुण्यात भोसरीस राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली.

आता कंडोमचा जुना, रोगप्रतिबंधक हेतू परत आला. पण तो आला तो भीतीच्या वाहनावर बसून. कवटी आणि हाडे रंगविलेली भित्तिपत्रके एस.टी. स्थानकांवर, दवाखान्यांत आणि ढाब्यांवर लागली. 'एड्स म्हणजे मृत्यू' आणि 'निरोध वापरा' ही दोन वाक्ये शेजारी शेजारी असत. या दोहोंच्या मध्ये येणारी स्थिती, म्हणजे वापरला, पण तो घसरला, ही कोणत्याच भित्तिपत्रकावर नव्हती. परिणामी ज्याच्या बाबतीत असे घडे त्याच्या हाती दुसरे वाक्य निरुपयोगी होऊन पहिले तेवढे उरे. असा मनुष्य डॉक्टरकडे जात नसे. गेलाच तर गावापासून दूर, खोटे नाव सांगून जाई. भीतीने सावधगिरी येते, हे गृहीतकच येथे चुकले होते.

दुसरीकडे जिथे धोका वारंवार होता तिथे भीती पोहोचलीच नाही. पुण्यातील गुप्तरोग चिकित्सालयांत मे १९९३ ते जुलै १९९६ या काळात तपासलेल्या ९१६ स्त्रियांचा अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील ५२५ शरीरविक्रय करणाऱ्या होत्या व त्यांच्यात बाधेचे प्रमाण ४९.९ टक्के आढळले. तो आकडा भयावह होता, पण अनपेक्षित नव्हता. उरलेल्या ३९१ स्त्रियांत ते १३.६ टक्के होते. यांतील बहुसंख्य विवाहित होत्या आणि पतीखेरीज त्यांचा कोणाशीही संबंध नव्हता. या स्त्रियांच्या बाबतीत कंडोम निसटला नव्हता, तो कधी आलाच नव्हता. निरोध म्हणजे पाळणा लांबविण्याचे साधन ही पंचवीस वर्षांची शिकवण पक्की झाली होती. शस्त्रक्रिया झालेल्या घरात त्याचे काय काम? पत्नीने मागावा तर तिच्यावर संशय, पतीने आणावा तर ती कबुलीच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीतही विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्क्यांनी शस्त्रक्रिया केलेली होती आणि कंडोमचा वापर ९.५ टक्केच होता. १९६८ पासूनच्या वाटचालीचे हे फलित आहे.

कंडोम निसटू नये याचे खरे शिक्षण ज्यांनी उभे केले त्या बहुतांशी वस्त्यांतील स्त्रियाच होत्या. सांगलीत १९९२ पासून 'संग्राम' या संस्थेने आणि १९९६ मध्ये स्थापन झालेल्या 'वेश्या अन्याय मुक्ती परिषदे'ने कंडोमचे वाटप धंदा करणाऱ्या स्त्रियांच्याच हाती दिले. कलकत्त्यात सोनागाछीतही १९९२ पासून डॉ. स्मरजित जाना यांनी याच तत्त्वावर काम केले. गिऱ्हाईक दारूच्या नशेत असेल तर काय करावे, केव्हा चढवावा, संबंध संपताच कडे बोटांनी धरूनच बाजूला कसे व्हावे, खोबरेल तेल किंवा पेट्रोलियम जेली का लावू नये (तेलाने लॅटेक्स काही मिनिटांत कमकुवत होते), दोन कंडोम एकावर एक का घालू नयेत, हे ज्ञान एकीकडून दुसरीकडे बोलण्यातून गेले. मात्र जवळ कंडोम सापडणे हाच धंद्याचा पुरावा मानण्याची पोलिसी रीत अनेक वर्षे चालू राहिली. कंडोमच्या वापरास गुन्हा किंवा गुन्ह्याचा पुरावा मानू नये, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने दिला तो मे २०२२ मध्ये.

मुंबईत २००२ च्या अखेरीस रस्तोरस्ती फलक लागले : 'बलबीर पाशा को एड्स होगा क्या?' या कल्पित इसमाची चर्चा लोकलच्या डब्यात झाली. एड्सविषयी चारचौघांत बोलता येते, हे या मोहिमेने दाखविले आणि दूरध्वनीवरील मदतसेवेकडे विचारणा वाढली. शरीरविक्रय करणाऱ्या स्त्रीलाच रोगाचे मूळ ठरविले जाते, हा स्त्री संघटनांचा त्यावरील आक्षेपही रास्त होता. आपल्या दृष्टीने पाहता, पाशा कधी नशेत, कधी ओळखीच्या बाईकडे म्हणून कंडोम टाळतो. त्याने वापरला आणि तो सुटला, असा फलक लागला नाही. पुढे २००७ मध्ये महाराष्ट्राने शाळांतील लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रमच थांबविला. चिठ्ठी पाठविण्याचीही सोय मग उरली नाही.

मोजमापाचा प्रश्न :

निसटणे ही वैज्ञानिक अभ्यासाची बाब झाली ती १९९० च्या दशकात. जून २००० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी घेतलेल्या कार्यशाळेच्या अहवालात फाटणे व निसटणे मिळून प्रमाण १.६ ते ३.६ टक्के धरले आहे. याहून बोलका पुरावा १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय अभ्यासाचा आहे. एक जोडीदार बाधित व दुसरा अबाधित अशा जोडप्यांपैकी १२४ जोडप्यांनी प्रत्येक वेळी कंडोम वापरला. सुमारे १५,००० संबंधांनंतर एकाही अबाधित जोडीदारास लागण झाली नाही. कधी वापरणाऱ्या, कधी न वापरणाऱ्या १२१ जोडप्यांत मात्र लागण होत राहिली, वर्षाला शंभरात ४.८ या दराने. त्या १५,००० प्रसंगांत काही कंडोम नक्कीच निसटले असतील.

भारतात हा प्रश्न जाहीरपणे आला तो विनोदाच्या रूपाने. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १,२०० हून अधिक स्वयंसेवकांची मापे घेऊन केलेल्या पाहणीच्या बातम्या डिसेंबर २००६ मध्ये झळकल्या. आंतरराष्ट्रीय मापाचे कंडोम अनेक भारतीय पुरुषांना मोठे होतात आणि पाचांपैकी एका वेळी ते फाटतात वा निसटतात, असे वार्तांकन झाले. जगभरच्या वृत्तपत्रांना थट्टेचा विषय मिळाला आणि आपल्याकडे पुरुषी अभिमान दुखावला गेला. चर्चा झाली ती लांबीची. वास्तविक निसटण्याशी संबंध घेराचा असतो. लांबी जास्त झाल्यास ती कड्यापाशी गुंडाळलेलीच राहते. पाचात एक हा आकडा मापामुळे किती आणि वापराच्या अज्ञानामुळे किती, ही पृथक्करणाची तसदी वृत्तपत्रांनी घेतली नाही. औरंगाबादेत (आताचे छत्रपती संभाजीनगर) 'कामसूत्र' कंडोमचा कारखाना असूनही मराठी ग्राहकाने दुकानात माप विचारावे, अशी रीत पडली नाही. चप्पल मागताना आपण नंबर सांगतो. येथे मात्र पाकीट कागदात गुंडाळून मिळाले की सुटलो, अशी भावना असे.

निसटल्यानंतर :

एकदा निसटल्याने किती धोका संभवतो, याचे उत्तर आज देता येते. जोडीदार बाधित असून उपचार घेत नसेल, तर योनीमार्गे होणाऱ्या एका असुरक्षित संबंधात लागण होण्याची शक्यता स्त्रीला दहा हजारांत सुमारे ८ आणि पुरुषाला सुमारे ४ एवढी मानली जाते. जननेंद्रियावर व्रण असल्यास ती वाढते, गुदमार्गे संबंधात ती पुष्कळ अधिक असते. जोडीदार उपचारांवर असून त्याच्या रक्तात विषाणू सापडण्याइतका उरला नसेल, तर लैंगिक संबंधातून लागण होत नाही, हे २०११ नंतरच्या संशोधनाने सिद्ध झाले. महाराष्ट्रासह सहा राज्यांत १ एप्रिल २००४ पासून मोफत उपचार सुरू झाले, त्याचा हा दुसरा, फारसा न सांगितला गेलेला लाभ होय.

म्हणजे १९९० च्या दशकातील भित्तिपत्रकाने एका प्रसंगाचा धोका अनेक पटींनी फुगविला आणि वर्षानुवर्षे चालणाऱ्या, न मोजल्या जाणाऱ्या धोक्याकडे डोळेझाक केली. एकाच चुकीने सर्व संपले असे मानणारा मनुष्य पुढच्या वेळी कंडोम कशासाठी वापरील, हा प्रश्न मोहिमा आखणाऱ्यांना पडावयास हवा होता.

संपर्कानंतर लगेच घ्यावयाची प्रतिबंधक औषधे आरंभी प्रामुख्याने सुई टोचलेल्या रुग्णालयीन कर्मचाऱ्यांसाठी होती. ती ७२ तासांच्या आत, आणि शक्य तितक्या लवकर, सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात. त्या शिबिराच्या वेळी ती सामान्य माणसाच्या आवाक्यात नव्हती, हे खरे. पण तेव्हाही व्याख्यात्यांना सांगण्याजोगे बरेच होते : धोका आहे, तो समजतोस तेवढा मोठा नाही, तीन महिन्यांनी रक्त तपास, तोवर जोडीदाराची काळजी घे, कडे धरून बाजूला हो. एवढे बोलण्यास दोन मिनिटे पुरली असती. आज तोच प्रश्न विचारणाऱ्यास त्याच दिवशी शासकीय रुग्णालयात किंवा एच.आय.व्ही.वर उपचार करणाऱ्या डॉक्टरकडे जावे, ७२ तास उलटू देऊ नयेत, आणि कोणाशी बोलावे हे सुचत नसेल तर १०९७ हा मोफत मदतक्रमांक फिरवावा, असे सांगता येते. २०१७ च्या कायद्याने, जो १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला, चाचणीस संमती आणि तिची गोपनीयता यांची हमीही दिली आहे. खोटे नाव सांगून परगावी जाण्याचे कारण उरलेले नाही.